जुना संगणक दुरून कसा चालवितात

डॉस या कार्यप्रणालीवर चालणारे संगणक १९८१ सालीं बाजारांत आले. काळ्या पडद्यावर आज्ञेची एक ओळ टंकावी आणि उत्तराची वाट पाहावी, असा त्यांचा व्यवहार. ऐकणारास नवल वाटेल, परंतु असे कांहीं संगणक कारखान्यांतील लेथना व प्रयोगशाळांतील मापनयंत्रांना अद्यापि जोडलेले आढळतात. यंत्र धडधाकट असतें, पण त्याचा प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालत नाहीं. म्हणून मालक जुन्यालाच जपतो. तो संगणक धुळींत व गोंगाटांत ठेवलेला असतो. सहाजिकच त्याच इमारतींतील आपल्या टेबलावरून तो चालवितां यावा, अशी इच्छा होते.

अडचण अशी कीं, डॉस एका वेळीं एकच काम करतो. मध्येंच दुसऱ्याकडे कान देण्याची त्याला संवय नाहीं. एक उपाय त्याच्या पोटांतच आहे: सीटीटीवाय ही आज्ञा दिली म्हणजे पडदा व कळफलक यांचें काम सीरियल तारेकडे जातें. पण पुष्कळ प्रोग्रॅम डॉसला न विचारतां थेट पडद्याच्या मेमरींत अक्षरें लिहितात. तीं तारेवर उतरत नाहींत, आणि दूर बसलेला मनुष्य कोऱ्या पडद्याकडे पाहत राहतो.

म्हणून दुसरी युक्ति निघाली. संगणकांत नेटवर्कचें कार्ड बसवून त्याला बोलतें करणारा पॅकेट ड्रायव्हर सुरू करतात. मग एक लहानसा प्रोग्रॅम चालवितात. तो संपल्यासारखा दिसतो, परंतु मेमरींत बिऱ्हाड करून राहतो. संगणकाचें घड्याळ सेकंदास सुमारें १८ टोले देतें. टोला पडतांच हा बिऱ्हाडकरू क्षणभर जागा होऊन पडद्याची मेमरी वाचतो. २५ ओळी, प्रत्येकींत ८० अक्षरें, म्हणजे २,००० अक्षरें. प्रत्येकाबरोबर रंगाची एक खूण, मिळून अवघे ४,००० बाइट. त्यांतलें जेवढें बदललें तेवढेंच पलीकडे पाठवावयाचें. उलट, पलीकडे दाबलेली कळ आली कीं ती कळफलकाच्या रांगेंत नेऊन ठेवावयाची. डॉसला वाटतें, कोणी समोरच बसून टंकीत आहे! ही रांग मात्र १५ कळांचीच. घाईनें अधिक पाठविल्यास वरच्या कळा वाया जातात. संगणक पुरता अडकला तर बिऱ्हाडकरूही अडकतो. मग कोणीतरी चालत जाऊन रीसेटचें बटण दाबावें लागतें.

याहून मोठा धोका निराळा आहे. ‘तूं कोण?’ असें डॉस कोणालाच विचारीत नाहीं. ज्याला नेटवर्कची तार सांपडली त्याला संगणक सांपडला. टेलनेट या जुन्या पद्धतींत पासवर्डही उघडाच प्रवास करतो. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असे पासवर्ड चोरीस गेले, तेव्हां तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनीं १९९५ सालीं एसएसएच ही सांकेतिक पद्धति रचली. जुन्या ८०८८ प्रोसेसरला तें गणित फार जड. यास्तव मध्यें एक नवा लहान संगणक द्वारपाल म्हणून बसवावा. बाहेरच्यानें एसएसएचनें त्याच्यापर्यंत यावें. आंतली तार एकट्या जुन्या संगणकाला जावी, आणि इंटरनेटचा तिला स्पर्श नसावा.

लेथच्या बाबतींत हा द्वारपालही पुरत नाहीं. दूरच्या पडद्यावर अक्षरें दिसतात. हत्याराजवळ कोणाचा हात आहे तें दिसत नाहीं. फाइली दुरून पाठवाव्या, आंकडे दुरून वाचावे. यंत्र फिरविणारी कळ मात्र त्याच्यापाशीं उभ्या असलेल्या कामगारानेंच दाबावी.