दुसऱ्या पत्राचे उत्तर

तक्रारीला पहिले उत्तर बहुधा लवकर येते. 'आपली तक्रार मिळाली, क्रमांक अमुक' एवढे कळवायला वेळ लागत नाही. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. तक्रारदार पुन्हा विचारतो, 'पुढे काय झाले?' या दुसऱ्या विचारणेला उत्तर किती दिवसांनी गेले, याची नोंद मात्र थोड्याच ठिकाणी ठेवली जाते. ती का आणि कशी ठेवावी, हे येथे सांगावयाचे आहे.

मी ग्वाल्हेरला राहतो. मध्य प्रदेश शासनाने 2014 साली सुरू केलेली 181 क्रमांकाची 'सी. एम. हेल्पलाईन' येथे सर्वांच्या परिचयाची आहे. तक्रार प्रथम खात्याच्या खालच्या अधिकाऱ्याकडे जाते. मुदतीत निकाल न लागल्यास ती वर चढते. अशा चार पायऱ्या आहेत. त्याआधी 2010 साली याच राज्याने लोकसेवा हमीचा कायदा केला. सेवा देण्यास विलंब झाल्यास दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5000 रुपये दंडाची त्यात तरतूद आहे. महाराष्ट्राने असा कायदा 2015 साली केला. म्हणजे मूळ अर्जाच्या मुदतीचा विचार झालेला आहे. प्रश्न आहे तो मधल्या विचारणांचा.

आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांचे निवृत्तिवेतन अडले. त्यांनी संबंधित कार्यालयाला लिहिले. त्याच दिवशी पोच आली आणि हयातीचा दाखला मागितला गेला. 'दाखला कोठे द्यावयाचा?' असे त्यांनी विचारले. या एका ओळीच्या उत्तरासाठी ते 19 दिवस थांबले आणि तोवर औषधे उधारीवर आणली. कार्यालयाच्या दप्तरी मात्र 'उत्तर त्याच दिवशी दिले' अशीच नोंद राहिली, आणि ती खोटीही नव्हती!

मराठेशाहीतील पत्रे वाचणाऱ्यांना 'पैवस्ती' हा शब्द ठाऊक असतो. पत्र हाती पडल्याची तारीख त्या पत्रावरच टिपून ठेवीत. पत्र लिहिल्याचा दिवस वेगळा आणि पोचल्याचा वेगळा, हे ते दप्तर जाणून होते. आपणही प्रत्येक विचारणेची पैवस्ती टिपली पाहिजे. त्यासाठी चार नियम पुरेत.

पहिला : मोजणी विचारणा पोचल्यापासून करावी, कारकुनाने ती उघडल्यापासून नव्हे.

दुसरा : उत्तर येण्यापूर्वी अनेक स्मरणपत्रे आली, तर पहिल्या अनुत्तरित पत्रापासून मोजावे. समजा, 1, 5 आणि 9 तारखेला पत्रे आली व 10 तारखेला उत्तर गेले. शेवटच्या पत्रापासून मोजल्यास विलंब एका दिवसाचा दिसतो. खरा विलंब 9 दिवसांचा आहे. चुकीच्या रीतीने, माणूस जितका कळवळून लिहील तितके कार्यालय तत्पर दिसू लागते.

तिसरा : यंत्राने आपोआप धाडलेली पोच म्हणजे उत्तर नव्हे. प्रश्नाचा विचार करून माणसाने लिहिले, तेथेच मोजणी थांबवावी.

चौथा : ज्यांना अद्याप उत्तर गेलेले नाही, त्या विचारणा आजच्या तारखेपर्यंत मोजून वेगळ्या दाखवाव्यात. त्या वगळल्या तर सर्वांत वाईट प्रकरणेच हिशेबातून निसटतात.

आता आकडे कसे मांडावेत? पाच विचारणांना अनुक्रमे 1, 1, 2, 2 आणि 24 दिवस लागले असे धरू. सरासरी 6 दिवस येते. पण 6 दिवस थांबलेला माणूस त्यांत एकही नाही. चढत्या क्रमाने लावल्यास मधला आकडा 2 येतो. त्यावरून नेहमीचा अनुभव कळतो. 24 या आकड्यावरून कोणाची उपेक्षा झाली ते कळते. म्हणून मध्यक आणि सर्वांत मोठा विलंब, दोन्ही द्यावेत.

याला मोठे यंत्र लागते असे नाही. साध्या वहीत तक्रार क्रमांक, विचारणा पोचल्याची तारीख, उत्तराची तारीख आणि दिवस असे चार रकाने आखले तरी भागते. महाविद्यालयाच्या कार्यालयातही गुणपत्रिका, शिष्यवृत्ती यांबाबत विद्यार्थी पुन्हा पुन्हा विचारीत असतात. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक सत्रभर अशी वही ठेवून पाहावी. दुसऱ्यांदा विचारणारा माणूस हा बहुधा अडलेला माणूस असतो, हे त्या रकान्यांतूनच दिसून येईल.