यतीम नातवंडे आणि थकलेले दादा-दादी

नंदुरबार असो, शहादा असो की नवापूर, आपल्या मोहल्ल्यात असे एखादे घर असतेच, जिथे यतीम मुलांना दादी किंवा नानी सांभाळते. आपण तिला भेटतो, "अल्लाह अज्र देईल" म्हणतो आणि पुढे जातो. अज्र अल्लाह देईलच. पण वह्या, दवाखाना आणि दूध यांचा खर्च आजचा आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना सहाव्या वर्षापासून दादा अब्दुल मुत्तलिब यांनी आणि आठव्या वर्षापासून चाचा अबू तालिब यांनी सांभाळले. पुढे दुष्काळात अबू तालिब यांची ओढाताण होऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) चाचा अब्बास यांना सोबत घेतले. अलींना आपल्या घरी नेले, जाफर यांना अब्बास यांनी नेले. सांभाळणाऱ्याचा भार वाटून घेणे, हीच ती सुन्नत.

आपण काय करू शकतो?

पहिले, जकात. दादा-नानांना आपली जकात स्वतःच्या नातवंडांना देता येत नाही. पण मुले गरजू असतील तर चाचा, मामू, फूफी, खाला आणि शेजारी देऊ शकतात. रमजानमध्ये एकदाच देण्यापेक्षा दरमहा थोडी थोडी द्यावी, म्हणजे घर चालते.

दुसरे, सरकारी मदत. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलाला दरमहा 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा आणि मंजुरी बाल कल्याण समिती देते. अक्कलकुवा किंवा धडगावहून नंदुरबारला हेलपाटे घालणे म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. मृत्यूचा दाखला, आधार, शाळेचा दाखला, बँकेचे पासबुक ही कागदपत्रे जमवून द्यायला मोहल्ल्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने सोबत जावे.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. मुलगा आधी वारला आणि दादांचे दुसरे मुलगे हयात असतील, तर शरीअतनुसार त्या नातवंडांना दादांच्या विरासतीत वाटा येत नाही. मात्र दादा त्यांच्यासाठी मालमत्तेच्या एक तृतीयांशपर्यंत वसीयत करू शकतात, किंवा हयातीतच हिबा देऊ शकतात. दादांच्या मागे भांडण नको असेल तर हा विषय चाचांनीच घरात काढावा आणि आलिम व वकील दोघांचा सल्ला घेऊन कागद करून घ्यावा.

येत्या जुम्याला मस्जिद कमिटीने आपल्या मोहल्ल्यातल्या अशा घरांची यादी करावी. गाजावाजा नको, एकेका घराची जबाबदारी दोघा-तिघांनी मिळून घ्यावी.