जिप्सीचं तेल आत, नोएडाचं पाणी बाहेर

ताडोबाच्या सफारीत मागच्या बाकावर उभं राहून वाघ शोधलेल्या मराठी माणसाला मारुती जिप्सीची ओळख करून द्यावी लागत नाही. डिसेंबर 1985 मध्ये ही गाडी गुडगावच्या कारखान्यातून पहिल्यांदा बाजारात आली, तेव्हा तिचं इंजिन जेमतेम 970 सीसीचं होतं. 1996 मध्ये 1.3 लिटरची ‘जिप्सी किंग’ आली. 2000 मध्ये कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय यंत्रणा आणि 16 व्हॉल्व्हचं इंजिन आलं. 2019 च्या सुरुवातीला बुकिंग बंद झालं. या एवढ्या काळात इंजिन बदललं, पण खालचा सांगाडा जवळपास तोच राहिला: लॅडर चासी, पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही चाकांवर पाटे. गाडीखाली चटई टाकून आडवं झालं की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. म्हणून ही गाडी घरी सांभाळता येते.

नोएडात ती सांभाळायची तर एक सूत्र पक्कं धरावं. जुन्या जिप्सीच्या बहुतेक मोठ्या खर्चांची सुरुवात सारखीच असते: जिथे तेल किंवा ग्रीस असायला हवं, तिथे पाणी नाहीतर धूळ शिरते. इथे दोन्हींची ददात नाही. मे-जूनमध्ये आंधी येते, बांधकामांची धूळ बारा महिने असते आणि पावसाळ्यात अंडरपास तुंबतात. जुलै 2023 मध्ये दिल्लीत यमुनेने 208.66 मीटरची पातळी गाठली आणि त्याच महिन्यात हिंडनच्या पुरात ग्रेटर नोएडाच्या इकोटेक-3 भागात मैदानात उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगाच्या रांगा टपापर्यंत बुडाल्या. घरच्या देखभालीचं सारं काम म्हणजे तेल आत ठेवणं आणि पाणी बाहेर ठेवणं.

आधी आरसी, मग पाना

एनसीआरमध्ये गाडीचं वय हीसुद्धा दुरुस्तीचीच बाब आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2014-15 मध्ये इथल्या रस्त्यांवर 15 वर्षांवरच्या पेट्रोल आणि 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असं सांगितलं. डिसेंबर 2025 मध्ये हे संरक्षण बीएस-4 उत्सर्जन टप्प्याच्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. दिल्ली-एनसीआरमध्ये नव्या गाड्यांना बीएस-4 एप्रिल 2010 पासून लागू झालं. म्हणजे 2008 ची आणि 2012 ची जिप्सी चालवायला सारख्याच वाटल्या तरी नोएडात दोघींची किंमत वेगळी. नोएडाचा गौतम बुद्ध नगर जिल्हा एनसीआरमध्ये येतो, त्यामुळे हजारो रुपये गाडीत घालण्याआधी आरसीवरची नोंदणीची तारीख, उत्सर्जनाचा टप्पा आणि त्या दिवशी लागू असलेला आदेश हे तिन्ही तपासा.

चार चाकं केव्हा ओढतात

दुरुस्तीआधी यंत्रणा समजून घेऊ. इंजिनामागे गिअरबॉक्स आहे. त्यातून एक आखूड शाफ्ट चासीच्या मध्यावर वेगळ्या बसवलेल्या ट्रान्सफर केसला जातो. तिथून एक प्रॉपेलर शाफ्ट मागच्या ॲक्सलला आणि एक पुढच्या ॲक्सलला. लहान लिव्हर ‘2एच’वर असला की शक्ती फक्त मागे जाते. ‘4एच’ टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात आणि नेमके सारख्याच गतीने फिरतात. ‘4एल’मध्ये गती आणखी घटते आणि चाकावरचा जोर वाढतो.

वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही शाफ्ट बांधलेले असताना हा फरक मिटायला जागा उरत नाही. वाळूत किंवा चिखलात टायर थोडा घसरतो आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही. ताण शाफ्टमध्ये, त्याच्या टोकाच्या क्रॉसमध्ये (युनिव्हर्सल जॉइंट) आणि ट्रान्सफर केसच्या दात्यांवर साठतो. हँडल जड होतं आणि लिव्हर अडकतो. एक्स्प्रेसवेवर पाऊस पडतोय म्हणून फोर-बाय-फोर टाकू नये, ते याचसाठी.

पुढच्या चाकांच्या मधोमध फ्री-व्हील हब असतील, तर त्यांचा हिशेब वेगळा. हब ‘फ्री’ असला की चाक एकटंच फिरतं. आतला ॲक्सल, डिफरन्शियल आणि पुढचा शाफ्ट थांबलेले असतात. शहरात हे सोयीचं आहे, पण महिनोन्‌महिने तसंच ठेवलं तर आतलं तेल तळाला बसतं आणि वरची सील, बेअरिंग कोरडी पडतात. म्हणून महिन्यातून एकदा हब ‘लॉक’ करावेत, लिव्हर ‘2एच’वरच ठेवावा आणि थोडं अंतर चालवावं. लिव्हर ‘2एच’वर असल्यामुळे डांबरावर ताण येत नाही, पुढचे भाग मात्र तेलात फिरून येतात.

पुढच्या चाकामागचा गोळा

पुढचं चाक पूर्ण वळवून आतल्या बाजूला बॅटरी मारा. ॲक्सलच्या टोकाला एक गुळगुळीत धातूचा गोळा दिसेल. त्यावर बाहेरचं नकल फिरतं आणि त्यामुळे चाक वळतं. नकलच्या आत ग्रीस भरलेलं असतं. बाहेरून एक पुसणारं सील गोळ्यावर टेकलेलं असतं, ते धूळ अडवतं. आत खोलवर ॲक्सलचं ऑईल सील असतं, ते डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येऊ देत नाही.

गोळ्यावर घट्ट, काळपट ग्रीसचा पातळ थर असेल तर काळजी नाही. ग्रीसमध्ये खर लागत असेल तर बाहेरचं सील संपलंय. गोळ्यावरून पातळ, उग्र गंधकी वासाचं तेल ओघळून टायरच्या आतल्या बाजूला आलं असेल, तर आतलं सील गेलंय: गिअर ऑईलने ग्रीस पातळ केलंय आणि तिकडे डिफरन्शियलची पातळी उतरत चाललीय. बाहेरचं सील बदलणं सुट्टीच्या दिवशी जमणारं काम आहे. आतल्या सीलसाठी हब, ब्रेक आणि ॲक्सल शाफ्ट उतरवावा लागतो; तिथे अनुभवी मिस्त्री बरा.

जिप्सीची नेहमीची तक्रारही इथलीच: 60-70 च्या वेगाला हँडल थरथरतं. लोक लगेच स्टिअरिंग डॅम्पर बसवतात. त्याने थरथर दबते, पण कारण तसंच राहतं. स्वस्तापासून महागाकडे जा. आधी टायरची हवा आणि बॅलन्सिंग. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या 12 आणि 6 वर धरून हलवा. चाक हललं, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल एक होतात. तेव्हा प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तसाच राहिला तर नकलला धरणाऱ्या किंगपिनच्या बेअरिंगचा. डावी-उजवीकडे, 3 आणि 9 वर धरून प्ले लागला तर टाय-रॉडचे एंड पाहा. किंगपिनचा घट्टपणा पातळ शिमनी जुळवतात आणि तो स्प्रिंग काट्याने ओढून मोजतात. कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा हाताशी नसेल तर ते काम अंदाजाने करू नये.

तेलाचा रंग पाहणं

डिफरन्शियलला दोन प्लग असतात, वर भरायचा आणि खाली काढायचा. आधी वरचा सैल करून पाहा. तो गंजून बसलेला असेल आणि तुम्ही खालून तेल काढून टाकलं, तर नवं तेल भरायची वाटच राहत नाही. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या गाडीत वरच्या भोकाच्या काठाशी तेल असलं की पातळी बरोबर. डिफरन्शियलला 80डब्ल्यू-90 दर्जाचं जीएल-5 तेल लागतं. तेच तेल सरसकट गिअरबॉक्समध्ये ओतू नये; जीएल-5 मधली काही रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगांना खातात, म्हणून तिथे जीएल-4.

निघालेलं तेल काळं असेल तर ते वयाचं आहे. चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, आणि ते बहुधा सीलमधून ओढलं गेलेलं असतं. चालून तापलेलं डिफरन्शियल तुंबलेल्या पाण्यात उतरलं की आतली हवा आकुंचन पावते आणि पोकळी भरायला बाहेरून काहीतरी आत खेचते. हवा यायला ॲक्सलवर एक बारीक ब्रीदर असतो. तो धुळीने बुजला असेल तर हवेऐवजी सीलच्या कडेने पाणी येतं. म्हणून ब्रीदर साफ करणं हे पाच मिनिटांचं आणि जवळजवळ फुकट काम पावसाळ्याआधी चुकवू नये. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड बोनेटखाली उंचावर नेलं तर आणखी बरं. गाडी हबपर्यंतच्या पाण्यातून गेली असेल, तर त्या आठवड्यातच दोन्ही डिफरन्शियलचे वरचे प्लग उघडून बोट बुडवून पाहा.

ग्रीसगन, रेडिएटर, पेट्रोलची नळी

प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला आणि सरकत्या जोडाला ग्रीसचे निपल असतात. ग्रीसगन लावण्याआधी निपल फडक्याने पुसा, नाहीतर त्यावरची धूळ तुम्हीच आत ढकलाल. सीलच्या कडेने ताजं ग्रीस डोकावेपर्यंत दाबा. गिअर बदलताना खालून ‘ठक’ असा आवाज येत असेल, तर शाफ्ट हाताने पिळून क्रॉसमधला प्ले पाहा आणि ट्रान्सफर केसचे रबरी माउंटही तपासा. म्हातारी रबरं क्रॉससारखाच आवाज करतात.

उन्हाळ्यात नोएडाचा पारा 45 च्या आसपास जातो. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ आणि किडे इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवावेत. जोराच्या फवाऱ्याने पातळ पात्या मुडपतात. कूलंटच्या जागी नळाचं पाणी भरत राहिलं की आत गंज आणि क्षार साठतात. टोपी इंजिन गार झाल्यावरच उघडायची.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा शोषतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. पेट्रोलच्या नळ्या दाबून पाहा. चिकट, फुगीर किंवा तडकलेली नळी लगेच बदला. कार्बोरेटरची जिप्सी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत ओलसर हवा कमी राहते.

कुठे करायचं, काय करायचं नाही

सोसायटीच्या बेसमेंटमध्ये तेल सांडलं तर तक्रार होणार, आणि ती रास्त असेल. खाली पुठ्ठा आणि पसरट भांडं ठेवा. वापरलेलं तेल नाल्यात न ओतता डब्यात भरून ते पुनर्प्रक्रियेला पाठवणाऱ्या वर्कशॉपला द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जमिनीवर राहिलेल्या चाकांना लाकडी ठोकळे, ॲक्सलखाली घोड्या, आणि मगच आडवं व्हायचं. ब्रेकचं हायड्रॉलिक काम, चासीचं वेल्डिंग आणि इंजिनाचा टायमिंग बेल्ट ही कामं मिस्त्रीकडेच. मोठे टायर, उंचावलेले पाटे असे बदल एनसीआरच्या तपासणीत अडचणीचे ठरतात. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेशी विसंगत बदलांना मनाई केली आहे.

सुट्या भागांसाठी निळ्या मेट्रोने राजीव चौक आणि तिथून पिवळ्या मेट्रोने कश्मीरी गेट. जुना भाग धुऊन सोबत न्या. ऑईल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे मिलिमीटरमध्ये कोरलेले असतात; दुकानदाराने ‘वही है’ म्हटलं तरी ते तिन्ही जुळवा. सील स्वस्त असतं, पण ते बसवायला केलेली उघडझाक महाग पडते.

वर्षाचं वेळापत्रक तीन ओळींत मावतं. मार्चअखेर रेडिएटर, कूलंट, एअर फिल्टर. जूनमध्ये ब्रीदर, नकलची सील, फरशीखालचा गंज. ऑक्टोबरमध्ये डिफरन्शियलच्या तेलाचा रंग, ग्रीस, बॅटरी. प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि तेलाचा दर्जा वहीत लिहून ठेवा. उद्या नियम आणखी कडक झाले आणि ना हरकत प्रमाणपत्र घेऊन जिप्सी एनसीआरबाहेरच्या एखाद्या डोंगरी जिल्ह्यात विकावी लागली, तर डोंगरातला गिऱ्हाईक चकाकत्या रंगाला भुलत नाही. तो आधी पुढच्या चाकामागच्या गोळ्यावर बॅटरी मारतो, मग वही मागतो.