जुनी छोटी गाडी घेताना: आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बहुधा आधी रंग बघतो, मग मीटरवरचे किलोमीटर विचारतो, मग इंजिनाचा आवाज ऐकतो. कागदांची फाईल उघडली जाते ती टोकन दिल्यावर. हा क्रम पुरता उलटा करावा असे माझे ठाम मत आहे. इंजिनातला बहुतेक बिघाड पैसे घालून निघतो. अपघातात वाकलेला सांगाडा पूर्वीसारखा होत नाही. आणि कागदात अडकलेली गाडी कितीही गोड चालली तरी तुमच्या नावावर होत नाही. म्हणून जे दुरुस्त होणार नाही, ते आधी तपासायचे.

कोणती गाडी शोधावी

घरातली पहिली गाडी, रोजचे वीस-तीस किलोमीटर आणि वर्षातून दोन-चारदा गाव, एवढीच गरज असेल तर पाच-सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, साध्या गिअरची हॅचबॅक पुरते. वॅगन आर, स्विफ्ट, ग्रँड आय-टेन, टियागो यांचे पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात आणि मिस्त्रीही शोधावा लागत नाही. घरात गुडघेदुखीची मंडळी असतील तर वॅगन आरची उंच सीट फार सोयीची. फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले, त्यामुळे फिगो स्वस्तात मिळते. चालवायला ती सुरेख आहे, पण तिचे काम जाणणारा माणूस जवळपास असेल तरच घ्यावी.

छोट्या डिझेल गाडीच्या मोहात सहसा पडू नये. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणजे बाजारातली स्विफ्ट डिझेल त्याआधीची. डिझेल घेणाऱ्याने ती भरपूर पळवण्यासाठीच घेतलेली असते, आणि टर्बो किंवा इंजेक्टरचे काम निघाले तर वाचवलेले पैसे एका फटक्यात जातात.

वर्ष ठरवताना एक गोष्ट मी कधीच सोडणार नाही: एअरबॅग. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने अल्टो ८००, आय-टेन, फिगो, पोलो आणि नॅनो यांच्या एअरबॅग नसलेल्या गाड्या धडकवून पाहिल्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम हळूहळू कडक झाले. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग आणि २०२२ पासून शेजारच्या सीटचीही एअरबॅग सक्तीची झाली. त्यामुळे २०१८ चे वरचे मॉडेल आणि २०२० चे साधे मॉडेल एकाच किमतीत समोर आले, तर म्युझिक सिस्टीम आणि अलॉय व्हील बाजूला ठेवून दोन एअरबॅग कुठल्या गाडीत आहेत ते बघा.

कागद

आरसीवरचे नाव आणि विकणाऱ्याचे नाव एकच आहे का, हा पहिला प्रश्न. ‘मालक गावाला आहेत, मी त्यांचा मेहुणा’ हे उत्तर चालवून घेऊ नका; मालकाशी बोलल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची आणि पीयूसीची मुदत दिसते. चासी नंबर मात्र गाडीवर कोरलेला प्रत्यक्ष वाचून आरसीशी ताडून बघावा, अक्षर न् अक्षर. थकलेली ई-चलने त्याच बैठकीत तपासावीत, कारण थकबाकी असेल तर नाव बदलण्याच्या वेळी तीच आडवी येते.

आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर ‘कर्ज फिटलंय’ एवढ्यावर थांबू नये. बँकेचे ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात हवा. त्याशिवाय आरटीओत बोजा उतरत नाही.

दिल्ली पासिंगच्या गाड्या इकडे स्वस्त दिसतात, त्याला कारण आहे. राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले आणि मुदतीच्या जवळ आलेल्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. अशी गाडी घेतली तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र, महाराष्ट्रातला कर आणि नवा नंबर हे सगळे तुमच्या माथी येते. तो खर्च आणि हेलपाटे किमतीत धरले की स्वस्ताई बरीचशी संपते.

सीएनजी असेल तर आरसीवर आणि विम्यावर तशी नोंद हवी, मग किट कंपनीचे असो की बाहेरून बसवलेले. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. त्याचे प्रमाणपत्र मागा. सीएनजी वॅगन आर बघताना ती आधी टॅक्सी होती का हेही विचारा. पिवळी पाटी जाऊन पांढरी आली तरी गाडीने खाल्लेले किलोमीटर जात नाहीत.

पत्रा आणि सांगाडा

गाडी दिवसा, कोरडी असताना आणि मोकळ्या जागेत बघावी. नुकत्याच धुतलेल्या ओल्या गाडीवर रंगाचा फरक दिसत नाही. एका टोकाला वाकून पत्र्यावरून नजर लांबवर फिरवली की लांबी (पुट्टी) भरलेली जागा लाटेसारखी उठून दिसते. दोन दारांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते बघा. पण एखादा दरवाजा किंवा बंपर रंगवलेला आहे म्हणून गाडी सोडू नका. पुण्या-मुंबईच्या रहदारीत पाच वर्षांत खरचटणार नाही अशी गाडी विरळा.

खरी भीती आतल्या पत्र्याची. बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे ॲप्रन, म्हणजे इंजिनाच्या कडेचे आतले पत्रे, बघा. कारखान्यातले स्पॉट वेल्डिंग म्हणजे ठरावीक अंतरावरचे छोटे गोल खळगे असतात. गॅरेजमधले वेल्डिंग ओबडधोबड असते आणि त्यावर सील जाड थापलेले असते. बोनेट आणि मडगार्डच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडाला असेल तर तो भाग उघडला गेला आहे. दरवाज्याचे रबरी बीडिंग हाताने थोडे ओढले की पिलरवरचे वेल्डिंग दिसते. मागे डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीखालचा खड्डा बघायला बरेच जण विसरतात, आणि मागून बसलेला धक्का नेमका तिथेच कळतो. पिलर कापून जोडलेला किंवा लाँग मेंबर (सांगाड्याची लांब तुळई) वाकलेला दिसला तर किमतीची बोलणी करू नका. गाडी सोडून द्या.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो पेटलेला राहिला तर बिघाड आहे. मुळी लागलाच नाही, तर अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा न बसवता दिवाच काढून टाकलेला असू शकतो. घरच्यांना बसवायच्या गाडीत यापेक्षा वाईट फसवणूक मला दिसत नाही.

कोकणातून किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या भागातून आलेल्या गाडीचा तळ रॅम्पवर चढवून बघावा. खारी हवा दरवाज्यांच्या खालच्या कडा, सायलेन्सर आणि शॉकॲब्सॉर्बरच्या बैठकी आधी खाते.

पुरात बुडालेली गाडी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात, त्यामुळे नंबरवरून काही कळत नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटखालचे बोल्ट गंजलेले, डॅशबोर्डच्या खालच्या वायरिंगवर मातीचा थर, हेडलाइटमध्ये आतून डाग, आणि या सगळ्यावर भरमसाट अत्तर, असे दिसले की समजावे. सीटकव्हर कोरे असेल तर त्याच्या आतली गादी हुंगून बघा. बुडालेल्या गाडीचे वायरिंग महिनोन्महिने एकेक करून दगा देते.

मीटरवरचा आकडा

मीटर मागे फिरवणे अवघड राहिलेले नाही, म्हणून आकडा हा केवळ दावा समजावा. पुरावा सर्व्हिस रेकॉर्डमध्ये असतो. मालकाच्या संमतीने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर दिला की कुठल्या तारखेला किती किलोमीटर होते ते मिळते. क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, चालकाच्या सीटची बाहेरची कड दबलेली आणि मीटर मात्र तीस हजार, हे जुळत नाही. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. २०१९ च्या गाडीला २०२१ चे टायर असतील तर ते इतक्या लवकर का बदलले, हे विचारावे.

इंजिन आणि चालवणे

आता इंजिन. विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर बोनेटवर हात ठेवून ती थंड असल्याची खात्री करा. गरम इंजिन बरेच दोष झाकते. थंड असतानाच तेलाचे झाकण उघडा. आत दुधाळ चिकट थर असेल तर पाणी आणि तेल मिसळत असावे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. टियागो किंवा एक लिटरच्या वॅगन आरचे इंजिन तीन सिलिंडरचे असते, त्यामुळे जागेवर थोडी थरथर जाणवते. ती दोष नाही.

निदान अर्धा तास चालवा, त्यात एक चढ हवाच. एसी लावून चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा: आवाज वाढला पण वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपली आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरताना पुढच्या चाकातून टकटक आली तर ॲक्सलचे काम आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते का, हेही बघा. यातले बरेचसे खर्च ठरावीक असतात. ओळखीच्या मिस्त्रीला मोबदला देऊन सोबत न्या आणि त्याने सांगितलेली रक्कम सरळ किमतीतून वजा करायला सांगा.

व्यवहार

भाव ठरल्यावर फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, आणि गाडी ताब्यात घेतल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती, हे त्याच दिवशी व्हावे. त्याआधीच्या चलनांची जबाबदारी कोणाची, हा वाद त्या वेळेमुळेच मिटतो. खरेदीदाराने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विकणाऱ्यालाही याची घाई हवी: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे, अपघाताच्या भरपाईत तोच मालक धरला जातो.

विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायचा अर्ज द्यावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. नो क्लेम बोनस आधीच्या मालकाचा असतो, गाडीसोबत येत नाही. तेवढा फरक भरावा लागेल. दोन्ही चाव्या मोजून घ्या. आणि ठरवलेल्या रकमेतले थोडे पैसे मागे राखून पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला, मग शेवटची सर्व्हिस कालच झाली असे मालक सांगत असला तरी.