पोडापासून दवाखान्यापर्यंत

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागात, पैनगंगेच्या खोऱ्याकडे जमीन उतरत जाते तेथे, झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन हे गाव वसलेले आहे. माजरीहून वणीमार्गे आदिलाबादला जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो. भूगर्भातील चुनखडीमुळे येथे सिमेंटचा मोठा कारखाना उभा राहिला आहे, आसपास कोळशाच्या खाणी आहेत, आणि या सर्वांच्या भोवती कपाशीची शेते पसरलेली आहेत. नदीपलीकडे तेलंगणाची हद्द लागत असल्यामुळे मराठीच्या बरोबरीने तेलुगूही कानी पडते, आणि रानाच्या कडेने असलेल्या पोडांतून, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांतून, कोलामी बोलली जाते. कातकरी आणि माडिया गोंड यांच्याप्रमाणे कोलाम ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. रोगी आणि दवाखाना यांच्यामधील अंतर किती प्रकारचे असते, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने अशाच मुलखाकडे पाहावे.

मुकुटबनला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सरकारी प्रमाण असे की, सपाटीच्या प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ वा आदिवासी प्रदेशात वीस हजार लोकसंख्येमागे असे एक केंद्र असावे, व त्याखाली अनुक्रमे पाच हजार आणि तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असावे. हे प्रमाण विचारपूर्वक ठरविलेले आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु लोकसंख्येला आकड्याने भागून दवाखाने वाटून दिले म्हणजे दवाखाना माणसापर्यंत पोचला, असे मात्र होत नाही. एखाद्या पोडावरील आईच्या कडेवरचे मूल तापाने फणफणले आहे असे समजा. तिला निघण्यापूर्वीच चार गोष्टींचा निकाल लावावा लागतो: आजचा रोज बुडवावयाचा की नाही, घरी राहणाऱ्या दुसऱ्या लेकराला कोणाच्या हवाली करावयाचे, सोबत कोण येणार, आणि संध्याकाळी परतण्यास वाहन मिळणार की नाही. एवढे करून ती पोचली म्हणजे केसपेपरची एक रांग, तपासणीची दुसरी, रक्त तपासावयाचे असल्यास तिसरी आणि औषधाच्या खिडकीपाशी चौथी. प्रत्येक ठिकाणी वेगळा माणूस, आणि बहुधा प्रत्येकाची भाषा तिच्या घरच्या भाषेहून निराळी. शेवटी हातात येते ती कात्रीने कापलेली गोळ्यांची पट्टी. पट्टीचा जो तुकडा कापला गेला त्यावर औषधाचे नाव असतेच असे नाही, मुदत संपण्याची तारीख असतेच असे नाही, आणि सकाळ-संध्याकाळचा हिशेब तोंडी, एका श्वासात सांगितलेला असतो. कागदोपत्री हा रोगी तपासला गेला, औषध दिले गेले, नोंद झाली. दप्तरात चूक काहीच नाही. तरीही तिसऱ्या दिवशी ते मूल पुन्हा तापाने तळमळत असेल, तर दोष कोणाला द्यावयाचा? त्या आईला अडाणी म्हणून मोकळे होणे हा आपला जुना शिरस्ता आहे, आणि माझ्या मते आरोग्यव्यवस्थेतील सर्वांत महाग पडलेला शिरस्ता तोच आहे.

या शिरस्त्याला उत्तर म्हणून गेल्या काही दशकांत एक विचारपद्धती जगभर रूढ होत आली आहे. कोणतीही वस्तू, इमारत किंवा सेवा घडविताना ती ज्याने वापरावयाची त्याच्यापासून आरंभ करावा. त्याचा दिवस कसा जातो हे त्याच्याजवळ राहून पाहावे, त्याला विचारावे, थोडक्या खर्चात एक कच्चा नमुना करून त्याच्याच हाती द्यावा, आणि तो जेथे अडखळेल तेथे आपली रचना बदलावी, त्याला बदलू पाहू नये. हिला मानवकेंद्रित रचना असे म्हणतात. या पद्धतीचे सुंदर उदाहरण फिनलंडमध्ये आहे. तेथील पायमिओ या गावी क्षयरोग्यांसाठी आल्वार आल्टो या वास्तुशिल्पज्ञाने रचिलेले आरोग्यधाम 1933 मध्ये पुरे झाले. आल्टोने हे ध्यानी घेतले की, खोल्या नेहमी उभ्या माणसाच्या दृष्टीने बांधल्या जातात, पण क्षयाचा रोगी महिनोन् महिने उताणा पडून असतो. म्हणून त्याने छताला डोळ्यांना शांत वाटेल असा हिरवा रंग दिला, दिवा निजलेल्याच्या डोळ्यांवर येणार नाही अशा जागी बसविला, उष्णतेची झळ डोक्याकडे न येता पायांकडे जाईल अशी तजवीज केली, आणि शेजारच्या खाटेवरील रोग्याची झोप मोडू नये म्हणून हात धुण्याच्या भांड्याचा उतार असा ठेविला की, पाणी त्यावर आवाज न करता पडावे. पुढे 1984 मध्ये रॉजर उलरिख या संशोधकाने अमेरिकेतील एका इस्पितळाच्या जुन्या नोंदी तपासून असे दाखविले की, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती ते रोगी, ज्यांच्यापुढे विटांची भिंत होती त्यांच्यापेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रोग्याला काय दिसते आणि काय ऐकू येते ही चैनीची बाब नसून उपचाराचाच भाग आहे, याला अशा रीतीने आकड्यांचाही आधार मिळाला.

परंतु फिनलंडपर्यंत जाण्याचे कारण नाही. मुकुटबनच्या पूर्वेस, चंद्रपूर ओलांडले की गडचिरोली जिल्हा लागतो. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन 1986 मध्ये येऊन राहिले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. आदिवासी लोक इस्पितळात येत नाहीत ही तक्रार त्यांच्याही कानी आली. पण तेथेच न थांबता त्यांनी लोकांना कारण विचारले. मिळालेली उत्तरे कोणत्याही बांधकाम खात्याच्या नियमावलीत सापडली नसती. इमारत मोठी, आत गेले की वाट सापडत नाही. डॉक्टर आणि परिचारिका पांढऱ्या वस्त्रांत वावरतात, आणि पांढरे वस्त्र तर आम्ही प्रेतावर घालतो. रोग्याला आत घेतात आणि नातलगांना बाहेर काढतात. आजारपणात माणसाला एकटे टाकणे ही आमची रीत नव्हे. बोलतात ते समजत नाही. आणि तुमच्या दवाखान्यात देव कोठे आहे?

या उत्तरांना अंधश्रद्धेच्या खात्यात न टाकता बंगांनी त्यांस रचनेची अट म्हणून मान्यता दिली. धानोरा तालुक्यात चातगावजवळ ‘शोधग्राम’ उभे राहिले तेव्हा तेथील दवाखाना एका प्रचंड इमारतीऐवजी आदिवासी पाड्यासारखा मांडला गेला: सुट्या, बसक्या झोपड्या, त्यांत रोगी आणि त्याचे आप्त एकत्र राहतील, मध्ये मोकळी जागा, सभोवती झाडी. आवारात दंतेश्वरी देवीची स्थापना झाली आणि दवाखान्याला ‘माँ दंतेश्वरी’ हे नाव मिळाले. वैद्यकशास्त्राला येथे काही मुरड घालावी लागली काय? मुळीच नाही, तेच निदान, तीच औषधे, तीच शस्त्रक्रिया. मुरड घातली गेली ती केवळ भिंतींना, कपड्यांना आणि आपल्या समजुतींना, आणि जे लोक येत नव्हते ते येऊ लागले. मला या प्रयोगातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती झोपड्यांची नव्हे. प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर ऐकण्याची तयारी ठेवली होती, ही ती गोष्ट होय.

राणी बंग यांचे त्यापूर्वीचे कामही याच जातीचे. स्त्रियांच्या आरोग्याचा विचार त्या काळी गर्भारपण आणि कुटुंबनियोजन यांच्यापलीकडे फारसा जात नसे. गडचिरोलीतील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील स्त्रियांची त्यांनी तपासणी केली आणि 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला की, त्यांपैकी शेकडा 92 जणींना स्त्रीरोग होते. इतक्या स्त्रिया ते दुखणे अंगावर काढीत होत्या, कारण ते सांगावयास जागा नव्हती आणि ते ऐकावयास स्त्री-डॉक्टर नव्हती. कोणत्याही नोंदवहीत न उतरलेले हे दुखणे वहीत उतरले ते केवळ कोणी तरी त्यांच्या दारी जाऊन विचारले म्हणून.

त्याच शोधग्रामातील एक लहानसे उपकरण येथे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. तान्ह्या मुलांचे मृत्यू न्यूमोनियामुळे मोठ्या संख्येने होत, आणि न्यूमोनिया ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती: दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, त्याहून मोठ्या तान्ह्याचा पन्नास किंवा अधिक झाला, तर ते धोक्याचे लक्षण. गावात बाळाच्या सर्वांत जवळ असणारी व्यक्ती म्हणजे दाई. पण तिच्यापाशी घड्याळ नाही, आणि अनेकींना दहा-बारापलीकडे मोजता येत नसे. दायांना शंभरापर्यंत अंक शिकवावेत असा एक मार्ग होता, आणि आपल्या शिक्षणवेड्या मनाला तोच प्रथम सुचतो. बंगांनी दुसरा धरला. त्यांनी एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तिच्यासोबत ओवलेले मणी, बाळाच्या वयानुसार दोन ओळींत, अशी जोडणी केली. घटिका उलटी करावयाची, बाळाच्या पोटाकडे पाहावयाचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपेपर्यंत हिरव्याच मण्यांवर राहिले तर ठीक, लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करावयाचे. दाईला जेवढे येत होते तेवढ्यावरच सारी रचना उभी केलेली आहे. जन्मभर अंगठा उठविणारी स्त्री यामुळे निदान करू लागली, आणि ते निदान विश्वासार्ह ठरले.

पुढे गावातल्याच शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करून नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग 39 गावांत झाला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे फलित आले, तेव्हा नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. 2011 पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जी ठरावीक फेरी मारतात तिचे मूळ या प्रयोगात आहे. म्हणजे मुकुटबन भागातील एखाद्या पोडावर आज आशाताई बाळाचे वजन करावयास जाते, तेव्हा गडचिरोलीच्या त्या रचनेचा धागा तेथवर पोचलेला असतो.

सरकारी व्यवस्थेलाही ही दृष्टी अगदीच परकी नाही. आदिवासी भागांतील काही आरोग्य केंद्रांच्या आवारात राज्य शासनाने ‘माहेरघर’ बांधविले, ते याचेच द्योतक. दुर्गम वस्तीवरील गर्भारशीने कळा सुरू झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा काही दिवस आधीच येऊन राहावे, तिच्याबरोबर घरचे एक माणूस आणि तिचे लहान मूलही राहू शकावे, आणि बुडालेल्या रोजगाराची काही भरपाई व्हावी, अशी ही योजना. पहिल्या मुलाला कोठे ठेवू आणि मजुरीचे काय, या दोन अडचणी खुद्द बायकांच्या आहेत. त्या ऐकून घेतल्यावाचून ही योजना लिहिली गेलीच नसती. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 पासून गावच्याच, बहुधा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका केले, त्यामागेही हेच सूत्र होते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण यवतमाळ जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. 2017 च्या खरिपात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांचा अंत झाला. त्यानंतर ज्या अनेक कारणांची चर्चा झाली त्यांत एक कारण सतत पुढे येत राहिले: फवारणी करणाऱ्यांनी संरक्षक साधने वापरली नव्हती. पण ती का वापरली नव्हती, याची रुजवात शेतात जाऊन करावी. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात, डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्या माणसाने जाड, हवाबंद पेहराव अंगावर चढविला तर घटकाभरात तो घामाने भोवंडेल. औषधाच्या डब्यावर विषाची तीव्रता दाखविणारा रंगीत चौकोन असतो, लाल म्हणजे अतितीव्र. पण त्याचा अर्थ मजुराला कोणी समजावून दिलेला नसतो, आणि सूचना इतक्या बारीक अक्षरांत छापलेल्या असतात की, वाचता येणाऱ्यालाही त्या उन्हात वाचवत नाहीत. अशा साधनांवर सुरक्षिततेचे शिक्के कितीही असले तरी ती सुरक्षित नाहीत, कारण ज्याच्यासाठी ती केली त्याच्या अंगावर ती राहत नाहीत. आयआयटी मुंबईतील वैद्यकीय उपकरणांच्या केंद्रात तरुण अभियंत्यांना आधी इस्पितळात पाठवून डॉक्टर कोठे अडतात ते पाहावयास सांगतात. फवारणीच्या पेहरावाचा अभ्यास असाच वणी-झरीच्या कपाशीत उभा राहून व्हावयास हवा.

रचनेच्या या विचाराला मर्यादा आहेत. झोपडीवजा वॉर्ड बांधला पण डॉक्टर नाही, रंगीत फलक लावले पण सर्पदंशावरील प्रतिविष संपलेले आहे, असे झाले तर सारा खटाटोप व्यर्थ होय. मनुष्यबळ, औषधे आणि रक्त यांची तरतूद ही पहिली, आणि तिला पर्याय नाही. परंतु ही तरतूद झाल्यावरही जे उरते ते थोडे नसते. कोलामी, तेलुगू आणि मराठी या तिन्ही भाषा जाणणारी एखादी स्थानिक बाई दवाखान्याच्या दाराशी असावी. चार रांगांच्या ठिकाणी एक व्हावी. गोळ्यांच्या पाकिटावर उगवता सूर्य आणि चंद्र यांची चित्रे असावीत आणि पट्टी कापताना औषधाचे नाव शाबूत राहावे. रोग्याच्या सोबत्याला सावलीत बसावयास, पाणी प्यावयास, चूल मांडावयास जागा असावी. तपासणीच्या वेळा परतीच्या वाहनाशी जुळाव्यात. यांपैकी एकाही गोष्टीला मोठ्या रकमेची मंजुरी लागत नाही. लागते ती विचारण्याची तयारी.

म्हणून जिल्हा परिषदेच्या सदस्यांना, तालुक्याच्या आरोग्याधिकाऱ्यांना आणि या भागातील कारखाने व खाणी आपल्या सामाजिक निधीतून जे दवाखाने व रुग्णवाहिका देतात त्यांच्या व्यवस्थापकांना माझी विनंती आहे: पुढील इमारतीचा नकाशा किंवा पुढील योजनेचा मसुदा मंजुरीस ठेवण्यापूर्वी तो एखाद्या पोडावर घेऊन जावा, तेथील बायांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावा, त्या जेथे मान हलवतील ते कलम टिपून घ्यावे, आणि ते बदलल्याखेरीज कागदावर सही करू नये.