नळाची रुंदी आणि तेल-पाण्याची सोबत

दाभोळच्या धक्क्यावर होड्यांतून सांडलेले डिझेल खाडीच्या पाण्यावर सप्तरंगी पापुद्रा होऊन पसरते, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. परंतु हीच दोन द्रव्ये एकाच नळातून वाहू लागली म्हणजे त्यांची स्थिती काय होईल, हे बव्हंशी नळाच्या व्यासावर अवलंबून असते.

प्रवाहाचे परिमाण तेच ठेवून व्यास निम्मा केला, तर वेग चौपट होतो. रुंद नळात गती संथ असल्याने गुरुत्वाकर्षणास अवसर मिळून जड पाणी तळाशी व हलके तेल वर, असे थर पडतात. अरुंद नळात वेगजन्य भोवरे त्यांचे सूक्ष्म थेंब करून एकमेकांत विखरून टाकतात. घाटाखाली गढूळ धावणारी वाशिष्ठी नदी रुंदावत गेली म्हणजे गाळ खाली टाकते, तोच हा न्याय. व्यास काही मिलिमीटरच असेल आणि प्रवाह मंद असेल, तर मात्र पृष्ठताणाचा अंमल सुरू होऊन तेल व पाणी आळीपाळीने तुकड्यातुकड्यांनी सरकतात.

१९७४ साली सापडलेल्या मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रांत तेलाबरोबर पाणीही वर येते, म्हणून हा हिशेब महत्त्वाचा: अतिरुंद नळाच्या तळाशी साचलेले खारे पाणी पोलाद गंजवते, तर अतिअरुंद नळात घर्षण वाढून पंपांवर भार येतो. विहीर जुनी होत जाते तसतसे पाण्याचे प्रमाणही वाढते. सबब नळाचा व्यास ठरविताना पुढील अनेक वर्षांचा विचार आजच करावा लागतो.