दैनंदिन वापरातील लिनक्स आणि मराठी मजकुराचा प्रश्न

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अध्यापकाच्या संगणकाकडून असलेल्या अपेक्षा फार मोठ्या नसतात. प्रश्नपत्रिका, टाचणे, अंतर्गत गुणांचे तक्ते, विभागाचे अहवाल, एखादा शोधनिबंध, आंतरजाल आणि छपाई एवढ्यात बहुतेकांचे काम भागते. ही कामे वर्षानुवर्षे विंडोज या एकाच कार्यप्रणालीवर होत आल्यामुळे संगणक म्हणजे विंडोज असे समीकरणच रूढ झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन थांबविले आणि हे समीकरण अडचणीचे ठरू लागले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आवश्यक असतो. त्यामुळे उत्तम चालणारे अनेक संगणक केवळ या अटींमुळे अपात्र ठरतात. सुरक्षा-सुधारणांची मुदतवाढ मिळते. परंतु ती मर्यादित काळापुरतीच असते.

अशा संगणकांसाठी लिनक्स हा विनामूल्य पर्याय उपलब्ध आहे. मात्र मराठीतून लेखन करणारा अध्यापक तो रोजच्या कामासाठी वापरू शकेल काय, हा प्रश्न केवळ कार्यप्रणालीच्या गुणदोषांवरून सुटत नाही. त्याचे बरेचसे उत्तर अध्यापकाच्या स्वतःच्या जुन्या फाइल्समध्ये दडलेले आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने या बाजूचे विवेचन केले आहे.

लिनक्सचे स्वरूप :

हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या प्रणालीची घोषणा केली. काटेकोरपणे पाहता लिनक्स हा कार्यप्रणालीचा फक्त गाभा होय. त्याभोवतीची अनेक साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. गाभा, साधने आणि उपयोजने एकत्र बांधून जी तयार प्रणाली दिली जाते तिला वितरण म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा, लिनक्स मिंट ही परिचित वितरणे होत. सी-डॅकने २००७ मध्ये प्रसृत केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवर आधारलेली आहे. नवख्या वापरकर्त्याने वितरणांच्या या गर्दीत फार काळ रेंगाळू नये. दीर्घकाळ समर्थन मिळणारे कोणतेही प्रचलित वितरण पुरेसे ठरते.

हा वापर केवळ तंत्रज्ञांनाच जमतो, असा समज अजूनही आढळतो. केरळच्या शासकीय व अनुदानित शाळांमध्ये संगणक-शिक्षण दीर्घकाळ लिनक्सवर चालत आले आहे आणि ते देणारे शिक्षक बहुसंख्येने भाषा, गणित, समाजशास्त्र यांसारख्या विषयांचेच आहेत.

रोजच्या कामातील अनुभव :

पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून, हार्ड डिस्कवरील काहीही न बदलता, संपूर्ण प्रणाली वापरून पाहता येते. ध्वनी, वाय-फाय आणि विशेषतः प्रिंटर चालतो की नाही याची खात्री याच टप्प्यावर करून घ्यावी. कमी किमतीच्या काही लेझर प्रिंटरांना कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर लागतो आणि तो लिनक्सवर बसविताना बराच वेळ खर्ची पडू शकतो. चार जीबी स्मृती असलेल्या संगणकावर एक्सएफसीईसारखे हलके डेस्कटॉप निवडल्यास काम सुरळीत चालते. अगदी जुन्या ३२-बिट संगणकांचे दिवस मात्र येथेही सरत आले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी स्थापनेची सोय उरलेली नाही.

झेरॉक्सच्या दुकानातून परतलेल्या पेन ड्राइव्हमध्ये मूळ फोल्डर अदृश्य होऊन त्याजागी शॉर्टकट दिसणे हा प्रकार बहुतेक विभागांना परिचित आहे. विंडोजसाठी लिहिलेले असे विषाणू लिनक्सवर सहसा चालत नाहीत, परंतु पेन ड्राइव्हवरून ते पुढच्या संगणकाकडे जाऊ शकतात. म्हणजे स्वतःचा संगणक सुरक्षित राहिला तरी सहकाऱ्याचा राहीलच असे नाही.

कार्यालयीन कामासाठी २०१० पासून विकसित होत असलेला लिब्रेऑफिस हा संच वापरला जातो. वर्डच्या फाइल्स त्यात उघडतात. परंतु गुंतागुंतीचे तक्ते व चौकटी असलेल्या मसुद्याची मांडणी हलू शकते. नॅकचे तक्ते भरताना ही बाब त्रासदायक ठरते, हे मान्य केले पाहिजे. टॅली आणि डिजिटल स्वाक्षरीची काही साधने यांसाठी कार्यालयात एखादा विंडोज संगणक ठेवणे हेच शहाणपणाचे. सर्वच संगणक एकाच दिवशी बदलण्याचा आग्रह अनाठायी होय.

मराठी मजकुराचा प्रश्न :

खरी अडचण येथून पुढे सुरू होते. १९९० च्या दशकापासून मराठी लेखन श्रीलिपी, कृतिदेव, डीव्ही-टीटी यांसारख्या फाँटांतून होत आले. या पद्धतीत पडद्यावर मराठी दिसत असले तरी फाइलमध्ये मराठी अक्षर साठविलेले नसते. तेथे रोमन अक्षरे व चिन्हे यांचेच संकेतांक असतात आणि फाँट त्या संकेतांकांच्या जागी देवनागरी आकार रेखाटतो. फाँट काढून घेतला की उरते ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग. लिनक्सवर प्रथमच जुनी फाइल उघडणाऱ्या अध्यापकास हीच रांग दिसते आणि तो दोष लिनक्सला देतो. वस्तुतः तीच फाइल फाँट नसलेल्या दुसऱ्या विंडोज संगणकावर उघडली तरी तेच दिसेल.

युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला स्वतःचा संकेतांक असतो. देवनागरीचा समावेश त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. फाँट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. त्यामुळे मजकूर शोधता येतो, अकारविल्हे लावता येतो आणि कोणत्याही प्रणालीवर वाचता येतो. जुन्या फाँटांतील प्रबंधाची पीडीएफ वाचता येते, पण तिच्यातील परिच्छेद निवडून दुसरीकडे उतरविला तर बहुधा पुन्हा तीच रोमन रांग हाती येते. शोधयंत्राच्या दृष्टीने असे संशोधन मराठीत झालेलेच नसते.

जुना फाँट लिनक्सवर बसवून फाइल वाचता येते. परंतु हा तात्पुरता उपाय होय, शिवाय फाँटाचा परवाना तपासावा लागतो. टिकाऊ उपाय रूपांतराचाच. रूपांतर करणाऱ्या साधनांना केवळ चिन्हामागे चिन्ह बदलून भागत नाही. ‘कि’ लिहिताना जुन्या पद्धतीत वेलांटी आधी साठविली जाते, युनिकोडमध्ये ती ‘क’ नंतर येते. ‘धर्म’ या शब्दातील रफार जुन्या पद्धतीत ‘म’ नंतर, तर युनिकोडमध्ये ‘र’ व हलन्त या रूपाने ‘म’ आधी असतो. रूपांतरानंतरच्या चुका मुख्यत्वे ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांभोवती सापडतात. मजकुरातील इंग्रजी शब्द ही आणखी एक डोकेदुखी. दोन्हींचे संकेतांक तेच असल्याने साधन इंग्रजी संदर्भसूचीचेही निरर्थक देवनागरी करून टाकते. म्हणून फाँटानुसार मजकूर वेगळा काढूनच रूपांतर करावे आणि नंतर मुद्रितशोधन अवश्य करावे.

कळफलक आणि फाँट :

लिनक्सच्या प्रचलित वितरणांत मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक अंगभूत असतो. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला येतात. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर असल्याने मांडणी लवकर लक्षात राहते. टंकलेखन-यंत्राच्या सवयीचा हात सुरुवातीला अडखळतो. मात्र एकदा बसलेली सवय विंडोज, लिनक्स आणि भ्रमणध्वनी या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडते.

मराठीच्या खास गरजेकडे येथे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत अध्यापक आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. पहिल्यात ‘र’ला, तर दुसऱ्यात नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून ‘य’ लिहावा लागतो. इनस्क्रिप्टमध्ये हा ‘ऱ’ रोमन जे कळीवर शिफ्टसह मिळतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यामुळे त्याआधीच्या फाँटांत ते न दिसणे स्वाभाविक आहे. मुक्त परवान्याच्या फाँटांची वाण आता नाही. रेड हॅटने मुक्त केलेला लोहित, मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, संस्कृत अवतरणे असलेल्या लेखनासाठी आयआयटी मुंबईचा शोभिका असे पर्याय उपलब्ध आहेत. मुद्रणालय मात्र आजही जुन्या फाँटातील फाइल मागू शकते. तेव्हा मूळ प्रत युनिकोडमध्ये जपून मुद्रणालयास हवी ती रूपांतरित प्रत द्यावी. याचा उलटा क्रम घडल्यास अंतिम दुरुस्त्या मुद्रणालयाच्या संगणकावरच राहून जातात.

स्थलांतराचा क्रम :

लिनक्स बसविणे हे स्थलांतराचे पहिले पाऊल नसून शेवटचे आहे. प्रथम विभागातील कोणत्या फाइल्स कोणत्या फाँटात आहेत याची यादी करावी. ज्या संगणकावर त्या व्यवस्थित दिसतात त्याच संगणकावर प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ काढून ठेवावी, म्हणजे रूपांतरानंतर ताडून पाहण्यासाठी विश्वसनीय नमुना हाती राहतो. त्यानंतर रूपांतर, मग मुद्रितशोधन. आणि मूळ फाइल्स तरीही जतन कराव्यात. मराठी लेखनाच्या काही जुन्या पॅकेजांना संगणकाला जोडावयाचे डाँगल लागत असे. ते हरवले वा निकामी झाले तर पॅकेज उघडत नाही. असा संगणक कार्यालयाच्या कोपऱ्यात पडून असेल, तर त्यातील फाइल्सचे रूपांतर पूर्ण होईपर्यंत तो भंगारात देऊ नये आणि त्याची हार्ड डिस्कही पुसू नये.